मदत हवी आहे : लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणासाठी समुद्रकाठचे शांत रेस्टॉरंट कसे निवडावे?

नमस्कार.

आमच्या लग्नाला लवकरच २५ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या संध्याकाळी आम्हा दोघांनाच समुद्रकाठच्या एका लहान गावात जेवायला जायचे आहे. गाव आमच्या परिचयाचे नाही आणि आधी जाऊन पाहणेही जमणार नाही, त्यामुळे निवड छायाचित्रे पाहून आणि फोनवर चौकशी करूनच करावी लागेल.

खाण्याच्या बाबतीत आम्ही फारसे चोखंदळ नाही. अडचण वेगळीच आहे. माझी पत्नी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. यंत्राच्या मायक्रोफोनवर वारा आदळला की तिला नुसती घरघर ऐकू येते, आणि बंद जागेत फरशी, काच व उंच छत यांमुळे आवाज घुमू लागला की समोरच्या माणसाचे शब्दही तिला नीट लागत नाहीत. भिंतीकडे पाठ करून बसल्यास थोडा फरक पडतो, पण शेजारीच ध्वनिवर्धक असेल तर त्याचाही उपयोग होत नाही.

किनारा पश्चिमेकडे असल्यामुळे सूर्यास्त पाहत उघड्यावर बसावे, असे आधी ठरवले होते. मात्र दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे समुद्रावरून येणारा वारा संध्याकाळपर्यंत वाहत राहतो आणि जमीन निवत गेल्यावरच मंदावतो. म्हणजे सूर्यास्ताला पोहोचलो तर वाऱ्याची गाठ पडणार, आणि उशिरा गेलो तर वारा कमी असला तरी समोर केवळ अंधार असणार. काचेआड बसण्याचा पर्यायही वाटतो तितका सरळ नाही, कारण बाहेर अंधार पडला आणि आतले दिवे प्रखर असले की काचेत समुद्राऐवजी आपणच दिसतो. त्यातून आमची तारीख पौर्णिमेला लागून येते, त्यामुळे भरती नेहमीपेक्षा मोठी असेल आणि वाळूवर मांडलेली टेबले त्या वेळी कुठे हलवतात, हा प्रश्न उरतोच.

सूर्यास्त किनाऱ्यावर उभे राहून पाहावा आणि मग काचेआड, मंद दिव्यांच्या जागी जेवायला बसावे, असा माझा सध्याचा विचार आहे. ज्यांनी अशा ठिकाणी जागा निवडली आहे किंवा जे स्वतः रेस्टॉरंट चालवतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. संगीत प्रत्यक्ष वाजवले जाते का, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत, हे विचारायचे मी ठरवले आहे. परंतु ‘आमच्याकडे शांतच असते’ या ठरावीक उत्तरापलीकडची खरी माहिती मिळण्यासाठी आणखी काय विचारावे? फोनवर सांगितलेले नेमके टेबल आपल्यासाठी राखून ठेवतात का, की ऐनवेळी जे रिकामे असेल तेच मिळते?

शेवटची शंका थोडी संकोचाची आहे. प्रसंग आधी कळवला तर टेबल चांगले मिळते असे म्हणतात, पण मग सगळे कर्मचारी टाळ्या वाजवत भोवती जमतील, याची मला धास्ती वाटते आणि पत्नीला तर ते मुळीच आवडणार नाही. प्रसंग न सांगता केवळ श्रवणयंत्राचे कारण देऊन कोपऱ्यातील टेबल मागितले, तर ते पुरेसे ठरेल का?