मुलाचा खोकला आणि भिंतीची ओल: जाणकारांनी लिहावं

रंग मारला तरी बुरशी परत येते, औषधाची बाटली संपली तरी खोकला परत येतो. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी नेमकं लिहा: काय, किती, आणि कुठे फसतं.

ओल शोधणारे

पाणी कुठून येतंय ते ठरल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका. भिंत पुसून कोरडी करा, दीड-दोन फुटांचा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि 48 तास राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी आतून येतंय, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतलं बाष्प थंड भिंतीवर जमतंय.

डागही बोलतात. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत ओल आणि वर पांढरा लोणा (क्षारांचा थर) असेल तर पाणी इमारतीच्या पायातून चढतंय. तपकिरी कडा असलेला, पाऊस पडला किंवा वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर वापरलं की पसरणारा डाग म्हणजे गळती. कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे ठिपके दिसले तर बहुधा बाष्प. कपाट भिंतीपासून 10 सेंमी पुढे ओढा.

गळती बुजवली की लगेच रंगारी बोलावतात, तिथेच घोटाळा होतो. भिंत वाळायला ढोबळ हिशेबाने जाडीच्या दर 25 मिमीला एक महिना लागतो. त्याआधी ऑइल पेंट फासला तर आतलं पाणी कोंडतं आणि पोपडे धरतात.

सफाईवाले

डाग एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर घरी हात घालू नका. त्याहून लहान असेल तर मूल घराबाहेर, खोलीचं दार बंद, पंखा बंद, एन-95 मास्क, हातमोजे, चष्मा. कोरडं खरवडणं सगळ्यात वाईट, बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, भिंत पूर्ण वाळवा.

ब्लीच फरशीवर, टाइलवर ठीक. प्लास्टरमध्ये मात्र त्यातलं पाणीच आत मुरतं. शिवाय व्हिनेगर किंवा टॉयलेटचं अॅसिड त्यात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि बुरशी मेली म्हणजे संपलं असं नाही. मेलेल्या बुरशीचीही अॅलर्जी होते, म्हणून ती पुसून काढावीच लागते. आतपर्यंत बुरशी धरलेली गादी धुऊन सुधारत नाही. टाका.

बालरोग विभागातून

खोकला कधी येतो ते दोन आठवडे लिहून ठेवा: रात्री, पहाटे, धावल्यावर, कोणत्या खोलीत. घराबाहेर काही दिवस राहिल्यावर उतरतो का, हेही. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

मूल शांत असताना पूर्ण 60 सेकंद श्वास मोजा (15 सेकंद मोजून चारने गुणलं की चूक होते). दोन महिन्यांच्या आत 60, दोन ते अकरा महिने 50, एक ते पाच वर्षं 40. इतके किंवा जास्त श्वास असतील तर त्याच दिवशी दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, मूल बोलू किंवा पिऊ शकत नाही, तर तडक रुग्णालय.

भिंत स्वच्छ झाली म्हणून इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. लहान मुलांना तो स्पेसर (इन्हेलर आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी) लावूनच द्यायचा. वाफारा नको, भाजण्याचा धोका मोठा.

आर्द्रतेबद्दल थोडं

आर्द्रतामापक ठेवा, 60 टक्क्यांच्या वर सतत राहायला नको. नवा मापक तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर करा, विरघळवू नका. झाकण आणि मापक एकाच बंद पिशवीत रात्रभर ठेवा. 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं तर पुढच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवा.

कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नका, एका वेळच्या धुण्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. खिडकी उघडा हा सल्ला सरसकट देतात, पण बाहेर उबदार दमट हवा असेल तर ओल वाढतेच. तेव्हा खिडकी बंद ठेवून डिह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प काढणारं यंत्र) लावा आणि त्याची टाकी रोज रिकामी करा.