फोर्डचे 5 डॉलर: दानत की हिशेब?

नाशिककर: हेन्री फोर्डने जानेवारी 1914 मध्ये दिवसाची मजुरी 5 डॉलर केली, कारण कामगारांनाही त्याची गाडी घेता यावी. ही गोष्ट एमबीएवाल्यांना तोंडपाठ असते. मला ती पटत नाही. माणसं 14,000 च्या आसपास, गाड्या वर्षाला दोन लाखांवर. सगळ्यांनी एकेक घेतली तरी कितीशी विक्री वाढणार? खरं दुखणं वेगळंच होतं. सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहून माणूस विटायचा आणि पळायचा. 1913 मध्ये तेवढी माणसं टिकवायला 52,000 जणांची भरती करावी लागली!

हिशेबनीस: असेना का हिशेब. पाळी नऊ तासांची आठवर आली, रोजी दुपटीवर गेली. डेट्रॉइटच्या कडाक्याच्या थंडीत हजारो लोक फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्याच्या गेटवर लोटले, ते काय खुळे होते?

नाशिककर: त्याच गर्दीवर पाण्याचे फवारे सोडले, तेही सांगा की. आणि 5 मधले निम्मे 'नफ्यातला वाटा' म्हणून, चालचलन बघून मिळायचे. कंपनीच्या समाजशास्त्र विभागाचे तपासनीस घरी यायचे. दारू पितो का, शिल्लक किती, घरात भाडेकरू कोंबलेत का, सगळं वहीत.

माजघर: बायकांना हे 5 डॉलर 1916 पर्यंत नव्हतेच. दोघांच्याही पोस्टमध्ये त्या कुठे दिसल्या नाहीत, म्हणून आठवण.

हिशेबनीस: मान्य, ते चुकलंच. पण परदेशातून आलेल्यांना इंग्रजी शिकवायला शाळाही काढली की त्याने.

नाशिककर: त्या शाळेचा पदवीदान सोहळा माहीत आहे? रंगमंचावर भलीथोरली कढई. एकीकडून माणसं आपापल्या मुलखाच्या पेहरावात आत उतरणार, मास्तर लांब पळ्यांनी ढवळणार, दुसरीकडून तीच माणसं सुटाबुटात, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर. भाजीसुद्धा इतकी ढवळत नाहीत हो.

हिशेबनीस: हसा खुशाल. इंग्रजी येणारा माणूस मशीनवर हात कमी तोडून घेतो. आणि ते तपासनीस 1921 च्या सुमारास बंदही झाले.

माजघर: त्यांच्या जागी कंपनीच्या बंदोबस्ताचा प्रमुख हॅरी बेनेट याची माणसं आली. 26 मे 1937 ला युनियनची पत्रकं वाटायला गेलेल्या कामगार नेता वॉल्टर रूदरला त्यांनी फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याच्या पुलावर बदडलं. छायाचित्रकार हजर होते म्हणून लपवता आलं नाही. युनियनशी करार झाला थेट 1941 मध्ये.

हिशेबनीस: विषय 1914 चा होता, ताई.

माजघर: मालक तोच होता, दादा.