'डार्क फेज'ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट: पक्ष्यांच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. बूटेड ईगल हा गरुड आपल्याकडे हिवाळ्यात येतो, तो दोन रंगांत दिसतो. एकाचं पोट पांढरं आणि पंखांची मागची पिसं काळी, दुसरा अंगभर गडद तपकिरी. मूळ इंग्रजीत 'पेल फेज' (फिकट) आणि 'डार्क फेज' (गडद) आहे. मी 'गडद रूप' लिहिलं, संपादकांना 'गडद अवस्था' हवंय. तुमचं मत?

शब्दवेल्हाळ: 'अवस्था' अजिबात नको. अवस्था पालटते. बोनेलीच्या गरुडाचं पिल्लू खालून तांबूस असतं, वयात आलं की पोट पांढरं होऊन त्यावर गडद रेघा उमटतात. ती झाली अवस्था. बूटेड गडद निपजला की जन्मभर गडदच. इंग्रजीतही 'फेज' मागे पडून 'मॉर्फ', म्हणजे रूप, रुळलाय, तो याच कारणाने. 'वर्णरूप' लिहा.

देशावरचा: वर्णरूप कोण बोलतं हो? आमच्याकडे खैरा बैल, कबरी शेळी, बांडा खोंड. सरळ 'खैरा गरुड' लिहा, गुराख्यालाही कळेल.

ओवी: बांडा म्हणजे शेपूट तुटका ना? आमची आजी तुटक्या शेपटीच्या बोक्याला बांड्या म्हणायची.

देशावरचा: आमच्यात बांडा म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला. शेपटीचा काही संबंध नाही.

शब्दवेल्हाळ: दोन्ही अर्थ चालतात, म्हणून तर पुस्तकात असा शब्द नको. आणि रंगावरून नाव ठेवलं की पुढे पंचाईत होते. ठिपकेवाल्या गरुडाचे ठिपके पिल्लाच्या पंखांवर ठसठशीत, थोराच्या अंगावर जवळपास नाहीतच.

माळकरी: एक भेद सांभाळा. टॉनी ईगल मुळात फिकट बदामीपासून गडद तपकिरीपर्यंत कसाही असतो, शिवाय जुनी पिसं उन्हाने विटतात. जन्माचा 'फिकट' आणि उन्हाने 'विटका' हे मराठीत किती छान वेगळे आहेत! अनुवादात दोन्हीला 'फिकट' करू नका.

रानवाट: हे फार उपयोगाचं. आणि बूटेड समोरून उडत येताना मानेच्या दोन बाजूंना, पंख जिथे सुरू होतात तिथे, एकेक पांढरा डाग दिसतो. गडद असो वा फिकट, दोन्हीत असतो. त्याला काय लिहू?

ओवी: टिकल्या!

शब्दवेल्हाळ: टिकली कपाळावर. खांद्यावर 'ठिपका'च.

ओवी: रानात लांबून ओळख पटवायला 'टिकल्या' पटकन ध्यानात राहतं. ठिपके काय, सगळ्याच पाखरांना असतात.

देशावरचा: आमच्याकडे बैलाच्या कपाळावरच्या पांढऱ्या डागाला चांद म्हणतात. खांद्यावर दोन चांद का नकोत?