नववी-दहावीच्या पोरांसाठी मनाच्या त्रासावरच्या मराठी गोष्टी आहेत का? कुणी सुचवाल का

पंचगंगेकाठची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी भाची दहावीला आहे, माझ्याकडं राजारामपुरीत राहून शिकते, आईवडील शिरोळ तालुक्यात गावी. २०१९च्या पुरात ती चौथीत होती, तिला आणि आजीला बोटीतनं बाहेर काढलं, जनावरं मागं राहिली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीपण म्हटलं लहान आहे, विसरली असेल. आता पाऊस लागला की ही रात्रभर फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याची पातळी बघत बसते. ३९ फूट इशारा, ४३ धोका हे कोल्हापुरात सगळ्यांनाच पाठ आहे, पण हिनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तासातासाचे आकडे लिहून ठेवलेत, तारीख वेळ घालून, आणि ४३ हा आकडा गिरवून गिरवून कागद पार फाटलाय. ते पान बघितलं आणि पोटात कालवलं माझ्या.

विचारलं तर "काही नाही मावशी" एवढंच. पण वाचायची आवड आहे तिला. मराठी मीडियम, इंग्रजी कादंबरी झेपत नाही. दुकानात विचारलं तर यशस्वी कसं व्हायचं, अभ्यास कसा करायचा असली पुस्तकं पुढं केली. मला तसलं नकोय. तिच्याच वयाचं पोरगं किंवा पोरगी असलेली गोष्ट पाहिजे, ज्याला आतनं काहीतरी होतंय आणि कुणाला सांगता येत नाही, अशी. आणि उपदेश नको.

गंगावेस_वाचक

ताई, आधी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या. १९९४चं पुस्तक, पुढं 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. लंपन नावाचा पोरगा आईवडिलांपासनं लांब आजी-आजोबांकडं राहतो, म्हणजे तुमच्या भाचीसारखंच थोडं. आजाराबिजाराचं नाव कुठंच नाही, पण त्या पोराच्या घशात जे दाटून येतं ना ते वाचताना आपल्याच घशात येतं, आणि बोलीपण आपल्या बाजूची, बेळगावकडची, त्यामुळं परकं वाटत नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' पण आहे, आणीबाणीतली नववीची पोरं, पण ती जरा वेगळ्या वळणाची.

खरं सांगायचं तर डिप्रेशन, अँक्झायटी असं सरळ नाव घेऊन चौदा-पंधराच्या पोरांसाठी लिहिलेलं मराठीत फार कमी आहे ओ. 'किशोर' मासिक १९७१पासनं येतंय, ते संपलं की पोरगं एकदम मोठ्यांच्या कादंबरीवर जाऊन पडतं, मधली पायरीच नाही. करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा, १८५०पासनं चालू आहे ते, जुनं पुस्तक मिळायची शक्यता तिथंच जास्त.

नाव_नको_२०

मावशी मी कॉलेजला आहे, अकरावीत गावाकडनं येऊन कोल्हापुरात हॉस्टेलला होतो तेव्हा चार महिने मी कुणाशी धड बोललोच नाही, मेसमध्ये ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायचो. तेव्हा एकानं मोबाईलवर 'स्पीक' नावाची इंग्रजी कादंबरी पाठवली, १९९९ची आहे, लॉरी हाल्स अँडरसनची. त्यात नववीतली पोरगी एका पार्टीत तिच्यावर अत्याचार झाल्यावर जवळजवळ बोलणंच सोडून देते, आणि घरच्यांना, शिक्षकांना वाटतं ही मुद्दाम करतेय. माझं कारण एकदम वेगळं होतं, पण घशातनं शब्द न निघणं म्हणजे काय ते तिथं लिहिलेलं होतं, डिक्शनरी बघत बघत पंधरा दिवसात वाचली. म्हणजे हे होतं माणसाला, मी एकटा नाही, एवढं कळलं.

एक विनंती, पुस्तक हातात देऊन "हे तुझ्यासाठी आणलंय, वाच" असं म्हणू नका. माझ्या दादानं एकदा तसं केलं होतं आणि मी ते उघडलंसुद्धा नाही. नुसतं कॉटवर ठेवा आणि आपल्या कामाला जावा.

साधा_माणूस

राग मानू नका, पण आधीच घाबरलेल्या पोरीला असलं दुःखाचं वाचायला द्यायचं का? नाही ते डोक्यात भरतं. मला दोन मुली आहेत म्हणून काळजीनं विचारतोय.

शाळेतली_ताई

दादा, काळजी बरोबर आहे तुमची. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून असतं. 'थर्टीन रीझन्स व्हाय' म्हणून २००७ची कादंबरी आहे, त्यावर २०१७ला मालिका आली, तिच्यात मुलीच्या आत्महत्येचा प्रसंग सविस्तर दाखवलेला, त्यावर डॉक्टर लोकांनी खूप आक्षेप घेतला आणि २०१९ला तो प्रसंग काढून टाकावा लागला. म्हणून मी पुस्तक आधी स्वतः वाचते. जीव द्यायची पद्धत सांगितलीय का, मरण हा सूड किंवा सुटका म्हणून दाखवलंय का, आणि पोराला ज्याच्याकडं जाता येईल असं एकतरी मोठं माणूस गोष्टीत आहे का, एवढं बघते. पण विचारल्यानं, बोलल्यानं डोक्यात भरतं असं नसतं. "तुला जगू नये असं वाटतं का गं" हे सरळ विचारलं तरी चालतं, उलट पोरं मोकळी होतात.

ताई, तुमच्या भाचीचं मात्र नुसत्या पुस्तकावर सोडू नका. झोप जातेय, परत परत तेच तपासणं चालू आहे, तर मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवाच. रात्री-अपरात्री वाटलं तर टेली-मानस म्हणून मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन आहे, तिचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोन हिसकावून घेऊ नका. तिच्याशेजारी बसून पातळी बघा, मग दोघींनी मिळून वेळा ठरवा, रात्री नऊला एकदा आणि सकाळी एकदा. आणि जनावरं मागं राहिली म्हणालात ना, ते कधीतरी हळूच विचारा.

पंचगंगेकाठची

सगळ्यांचे मनापासनं आभार. उशिरा लिहितेय. 'वनवास' वाचन मंदिरातनं आणलं आणि कॉटवर ठेवून भाकरी करायला गेले. दोन दिवस तसंच पडलं होतं. तिसऱ्या रात्री पाऊस जोरात होता, मी पाणी प्यायला उठले तर ही पुस्तक पोटावर ठेवून जागी, फोन लांब चार्जिंगला. मी शेजारी आडवी झाले, काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मावशी, आमची चंद्री दाव्यालाच बांधलेली होती. मी आजीला म्हटलेलं सोडूया म्हणून, बोटवाले काका म्हणाले वेळ नाही." सहा वर्षं पोरीनं हे पोटात ठेवलं होतं. मग रडली, मीपण रडले.

सोमवारी ओपीडीला जातोय, तिच्या आईलापण गावाकडनं बोलवून घेतलंय. साधा_माणूस दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, माझ्यापण मनात तेच होतं. 'शारदा संगीत' कुणाकडं असलं तर सांगा, ती कालपासनं विचारतेय.