रॉक अल्बमचं शिखर: १९७१ की १९७३?

तबकडीवाला (मूळ धागा)

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची तीन-चार वर्षं रॉक आणि पॉपसाठी सोन्याची होती, यावर इथे फारसं दुमत नसावं. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. त्या काळात १९७१ ला तोड नाही, आणि ज्या १९७३ चे गोडवे सगळे गातात तिथूनच उतरण लागली.

नुसती नावं घ्यायची तर जानेवारीत जॅनिस जॉप्लिनचा 'पर्ल' (ती गेल्यावर तीन महिन्यांनी आलेला), फेब्रुवारीत कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री', एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स', मेमध्ये मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', जूनमध्ये जोनी मिचेलचा 'ब्लू', ऑगस्टमध्ये द हूचा 'हूज नेक्स्ट', नोव्हेंबरमध्ये लेड झेपलिनचा बिननावाचा चौथा अल्बम, डिसेंबरमध्ये डेव्हिड बोवीचा 'हंकी डोरी'. पण यादीने काही सिद्ध होत नाही, कुठल्याही वर्षाची यादी लांबवता येते.

माझं कारण वेगळं आहे. तोवर सोळा ट्रॅकची (सोळा आवाज वेगवेगळे भरता येणारी) यंत्रं स्टुडिओत आली होती, म्हणजे हवं ते करता येत होतं. पण वेळ मोजका होता, कंपन्यांना दरवर्षी नवी तबकडी हवी असायची. बोवीने तर 'हंकी डोरी' बाजारात यायच्या आधीच 'झिगी स्टारडस्ट'चं रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. त्यामुळे यंत्राची ताकद आणि वाजवणाऱ्याचा हात दोन्ही एकदम ऐकू येतात.

झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हेडफोन लावून ऐका. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, फिरता स्टुडिओ दाराशी उभा करून हे रेकॉर्ड झालं. जॉन बॉनहॅमचा ड्रमसेट जिन्याखालच्या दालनात आणि अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने दोन माइक वरच्या जिन्यावरून खाली सोडलेले. ड्रमला माइक चिकटवलेलाच नाही. आपल्या कानावर येतो तो ड्रमसकट सगळा जिना. नंतर टेपचा वेग थोडा कमी केला, तेव्हा तो ठोका आणखी जड झाला. त्या ठोक्याची नक्कल आणि उचल आजतागायत चालू आहे.

१९७३ पर्यंत हा रांगडेपणा गेला. महिनोन्महिने स्टुडिओत बसून सगळं घासूनपुसून घ्यायची सवय लागली आणि माणूस मागे पडला.

उलटी बाजू

साफ असहमत.

'घासूनपुसून'चा रोख 'द डार्क साइड ऑफ द मून'वर आहे हे उघड आहे, म्हणून त्याबद्दलच बोलू. मार्च १९७३ मध्ये आलेला हा अल्बम पिंक फ्लॉइड जानेवारी १९७२ पासून रंगमंचावर वाजवत होते. लोकांसमोर वर्षभर वाजवून, गाणी बदलून, काही भाग टाकून देऊन मग तो पक्का झाला. तुमच्या ७१ मधल्या किती अल्बमना एवढी तालीम मिळाली?

आणि माणूस मागे पडला म्हणता? 'द ग्रेट गिग इन द स्काय' घ्या. बँडमधल्या रिक राइटचा पियानो तयार होता, वर काय घालावं ते ठरत नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी क्लेअर टोरी या पंचविशीतल्या गायिकेला ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं. शब्द नाहीत, सुरावट नाही, काय हवंय हे धड कुणाला सांगता येईना. मग आपला गळा म्हणजे एक वाद्य आहे असं धरून ती गायली. मोजके टेक झाले, ३० पौंड मानधन घेऊन ती घरी गेली. आपला आवाज ठेवलाय हे तिला दुकानात तबकडीच्या वेष्टणावर नाव दिसलं तेव्हा कळलं. (रचनेचं श्रेय मिळायला मात्र २००५ ची तडजोड उजाडावी लागली, याचा मला आजही राग येतो.) शेवटच्या भागात तिचा आवाज थकत थकत खाली येतो तो ऐका आणि मग सांगा.

'मनी'च्या सुरुवातीचा गल्ल्याचा आवाज, नाण्यांची खणखण, कागद फाडल्याचा आवाज हे सगळं टेपचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, चिकटवून केलेलं आहे. सात मात्रांचं आवर्तन त्या तुकड्यांतून उभं राहतं आणि गिटारचा सोलो आला की गाणं चार मात्रांवर झेप घेतं. हातानेच केलेलं काम आहे हे, फक्त त्या हातात ब्लेड होतं.

माझा मुख्य मुद्दा असा की अल्बम म्हणजे एकसंध रचना, हे खऱ्या अर्थाने १९७३ मध्ये साधलं. द हूचा 'क्वाड्रोफेनिया' घ्या, माइक ओल्डफील्डचा 'ट्युब्युलर बेल्स' घ्या, स्टीव्ही वंडरचा 'इनरव्हिजन्स' घ्या. ७१ मध्ये उत्तम गाणी होती, पण बरेचसे अल्बम म्हणजे गाण्यांची जुळणी. 'हूज नेक्स्ट' तर फसलेल्या प्रकल्पातून वाचवलेला माल आहे.

नगरी

'हूज नेक्स्ट'वर कुणी बोललं की मला राहवत नाही, कारण तो माझ्या गावाशी जोडलेला आहे. पहिल्या गाण्याचं नाव 'बाबा ओ'रायली'. त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड बाबांचा अनुयायी. बाबा पुण्यात जन्मले, त्यांची समाधी आमच्या नगरजवळ मेहेराबादला. १९७२ च्या सुरुवातीला टाउनशेंड तिथे येऊन गेला. गावातल्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे, पण त्या गाण्यातल्या ऑर्गनची पहिली फिरकी सुरू झाली की मला अभिमान वाटतो.

आता मुद्द्याचं. टाउनशेंडला 'लाइफहाउस' नावाचं अवाढव्य काहीतरी करायचं होतं. चित्रपट, प्रयोग, प्रेक्षकांमधून उमटणारं संगीत असं सगळं त्यात होतं. ते कुणाला समजावून सांगता येईना आणि तो स्वतः कोलमडायच्या बेतात आला. निर्माता ग्लिन जॉन्सने सल्ला दिला की कथा सोड आणि चांगली गाणी घेऊन एक तबकडी कर. त्या छाटणीमुळेच अल्बम असा धारदार झाला. 'बाबा ओ'रायली'मधला तो फिरत राहणारा आवाज घरगुती लाउरी ऑर्गनचा आहे. त्यावर आधी पियानोचे तीन जाड स्वर, मग कीथ मूनचा ड्रम आणि शेवटी व्हायोलिन. कथेची गरजच उरत नाही.

याच माणसाने १९७३ मध्ये कथा तडीस नेली, तो 'क्वाड्रोफेनिया'. उत्तम आहे, पण दोन तबकड्यांचं ओझं जाणवतं. आणि रंगमंचावर काय झालं? आधी भरून ठेवलेल्या टेप आणि वादक यांचा मेळ बसेना, न्यूकॅसलला टाउनशेंड भर कार्यक्रमात तंत्रज्ञावर धावून गेला. यंत्र पुढे आणि वादक मागे, हे धागाकर्त्याचं म्हणणं या एका बँडच्या दोन अल्बमांत दिसतं.

मध्यलय

दोघंही मार्विन गेचं नाव यादीत टाकून पुढे गेलात. रॉकच्या याद्यांमध्ये हे नेहमी होतं. काळ्या संगीतकारांना एक ओळ मिळते आणि चर्चा गिटारवाल्यांची होते. म्हणून जरा थांबते.

उलटी बाजू म्हणतात की एकसंध अल्बम ७३ मध्ये साधला. 'व्हॉट्स गोइंग ऑन' मे १९७१ चा आहे. पहिल्या बाजूची गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये शांतता नाही. शेवटचं 'इनर सिटी ब्लूज' संपता संपता पहिल्या गाण्याची हाक परत येते. 'डार्क साइड'मध्ये हृदयाचे ठोके पुन्हा येतात त्याचं एवढं कौतुक, हे तर त्याच्या दोन वर्षं आधीचं.

आणि हे साधलं कुठे, तर मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत, जिथे तीन मिनिटांची सिंगल्स (सुटी गाणी) साच्यातून काढल्यासारखी निघायची. शीर्षकगीताची मूळ कल्पना फोर टॉप्स या गायकचमूतल्या रेनाल्डो बेन्सनची. बर्कलीत पोलिसांनी तरुणांना झोडपलं ते त्याने पाहिलं होतं. मार्विनचा भाऊ व्हिएतनामहून परतला होता, त्याच्याकडून ऐकलेलं त्यात आलं. कंपनीचा मालक बेरी गॉर्डी ते गाणं काढायला तयार नव्हता. जानेवारीत सिंगल बाजारात आलं, धडाधड खपलं, तेव्हा त्यालाच अल्बमची घाई झाली. मार्चमध्ये थोड्याच दिवसांत उरलेला अल्बम उरकला. उरकला म्हणायचं आणि ऐकायचं हे!

दोन तपशील सांगते. मार्विनने मुख्य आवाज दोनदा गाऊन ठेवला होता, निवडायला म्हणून. ध्वनिमुद्रकाकडून चुकून दोन्ही एकदम वाजले आणि मार्विनने ते तसेच ठेवले. तेव्हापासून आपल्याच आवाजाशी बोलणारा मार्विन ही त्याची ओळख झाली. दुसरं म्हणजे वेष्टणावर वादकांची नावं छापली गेली. मोटाउनची इतकी गाणी ज्यांच्या हातून झाली त्या वादकांना तोवर ते मिळालं नव्हतं. जेम्स जेमरसनचा बेस वेगळा काढून ऐका, तो अख्खं गाणं पाठीवर घेऊन चाललेला असतो.

तेव्हा माझं मत ७१ ला. पण धागाकर्त्याच्या 'रांगडेपणा'साठी नाही. हा अल्बम रेशमासारखा मऊ आहे. तंतुवाद्यांचा ताफा आहे, घासूनपुसून घेतलेला आहे, आणि तरी माणूस कुठेही मागे पडलेला नाही.

कुलाबा ते माहीम

७१ आणि ७३ च्या भांडणात ७२ उपाशी! स्टोन्सचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट', बोवीचा 'झिगी स्टारडस्ट', नील यंगचा 'हार्वेस्ट', स्टीव्ही वंडरचा 'टॉकिंग बुक', डीप पर्पलचा 'मशीन हेड'. माँत्रोच्या कॅसिनोला आग लागली म्हणून डीप पर्पलला हॉटेलच्या बोळात रेकॉर्ड करावं लागलं, आणि त्या आगीवरच त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं.

शिवाय ७२ मध्येच झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केली. दुसरं गाणं तर तुमच्या लाडक्या चौथ्या अल्बममधलं. मूळ गाण्यात पाच आणि सहा मात्रांचा खेळ आहे. मुंबईच्या टेपवर तबल्याने त्याला जे वजन दिलंय ते मला मूळ गाण्याहून आवडतं. अधिकृतपणे ते बाहेर यायला २०१५ साल उजाडलं, ही चुटपुट आहेच.

तबकडीवाला

मध्यलय, 'व्हॉट्स गोइंग ऑन'बद्दल तुम्ही लिहिलंत ते फार आवडलं. रांगडेपणा हा शब्द तिथे लागू होत नाही हे खरं. पण माझा रोख ज्या गोष्टीवर आहे ती तिथेही आहे: समोरचा माणूस आपल्याशी बोलतोय, ही खात्री.

ती सगळ्यात जास्त 'ब्लू'मध्ये आहे. लॉस एंजेलिसच्या ए अँड एम स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला, आणि त्याच इमारतीत त्याच सुमारास कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री'. 'टॅपेस्ट्री'त मागे जोनी मिचेल आणि जेम्स टेलर गातात, 'ब्लू'मध्ये टेलर गिटार वाजवतो. 'टॅपेस्ट्री' अमेरिकेत पंधरा आठवडे अव्वल स्थानावर. 'ब्लू'मधल्या 'अ केस ऑफ यू'ला मुख्यतः जोनीचा डल्सिमर (एक तंतुवाद्य), टेलरची गिटार आणि तिचा आवाज. इतक्या उघड्या जागी उभं राहून गायचं धाडस लागतं. स्वर घसरला तर झाकायला काही नाही.

उलटी बाजू, माझा थेट प्रश्न: १९७३ मधला एक अल्बम सांगा जिथे कलाकार इतका उघडा उभा आहे. 'डार्क साइड' नको. तिथली अप्रतिम हाक पाहुणीची आहे, बँडची नाही. हे तुम्हीच वर सांगितलंत.

उलटी बाजू

पाहुणीचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. 'क्वाड्रोफेनिया'च्या दौऱ्याबद्दल नगरींचं म्हणणंही खरं, पण दौरा फसला म्हणून तबकडी फसत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: स्टीव्ही वंडर, 'इनरव्हिजन्स', ऑगस्ट १९७३. वय २३. १९७१ मध्ये एकवीस पूर्ण झाल्यावर त्याचा मोटाउनशी जुना करार संपला, आणि नवा करताना त्याने स्वतःच्या संगीतावर स्वतःचा ताबा मागून घेतला. म्हणजे स्वातंत्र्य तुमच्या ७१ चं असेल, पण त्याचं पीक ७३ मध्ये आलं. वर्षं मोजताना हे विसरू नका.

'लिव्हिंग फॉर द सिटी' ऐका. सगळी वाद्यं तो एकटा वाजवतो. ड्रम त्याचे, इलेक्ट्रिक पियानो त्याचा, सिंथेसायझरचा बेसही त्याचाच. तो सिंथेसायझर म्हणजे खोलीभर पसरलेलं टोंटो नावाचं धूड, माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गोलेफ यांनी उभारलेलं. त्या काळातलं याहून अवजड यंत्र शोधून सापडणार नाही. आणि त्यातून निघते मिसिसिपीच्या गरीब घरातल्या पोराची गोष्ट. न्यूयॉर्कला बसमधून उतरतो, कुणीतरी हातात पुडकं देतं, पोलीस धरतात, दहा वर्षांची शिक्षा होते. हे गाण्याच्या मध्ये नाटकासारखं घडतं, रस्त्यावरच्या आवाजांसकट. त्यानंतर स्टीव्ही परत गायला लागतो तेव्हा आवाज खरवडलेला, घसा फाटलेला. तो त्याने गुळगुळीत केलेला नाही.

तुमची सगळी मांडणी यावर उभी आहे की यंत्रं वाढली म्हणून माणूस मागे गेला. इथे यंत्र सगळ्यात मोठं आहे आणि माणूस एकटा आहे.

तबकडीवाला

'इनरव्हिजन्स' मान्य, मनापासून. आजच रात्री पुन्हा लावणार आहे. पण एका अल्बमने वर्ष जिंकता येत नाही. मी महिन्यागणिक एकेक सांगितला होता. ७३ चं तसं करून दाखवा, आणि 'ट्युब्युलर बेल्स' धरणार असाल तर त्याची दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकून मग धरा.