दरी दिसली म्हणजे 'म्यू' ऋण झाला असं नाही

सर्किट बोर्डाच्या पट्टीवर खाच असलेल्या तांब्याच्या रिंगा कोरल्या, तर तांबं चुंबकीय नसताना त्या पट्टीला ऋण पर्मिअॅबिलिटी ('म्यू', म्हणजे चुंबकीय क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचं माप) कुठून येते, आणि एस२१ च्या (पट्टीतून पलीकडे किती लहर पोहोचते त्याच्या) आलेखातली दरी, म्हणजे खोल घट, हा त्याचा पुरावा मानावा का, असे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर १९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी दिलं. खाच असलेली रिंग म्हणजे एलसी सर्किट: रिंग हे वेटोळं (एल), खाच हा कपॅसिटर (सी), आणि दोन्ही मिळून एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद देतात. चुंबकीय क्षेत्र रिंगेतून आरपार गेलं की तिच्यात प्रवाह फिरतो. अनुनादाच्या जरा वरच्या वारंवारतेला हा प्रतिसाद क्षेत्राच्या उलट असतो. तो पुरेसा जोरदार असेल तरच 'म्यू' शून्याखाली जातो.

दुसऱ्याचं उत्तर मात्र 'नाही'. खाच असलेली बाजू विद्युत क्षेत्राला समांतर असेल, तर नुसत्या विद्युत क्षेत्रानेही तोच प्रवाह फिरतो आणि तशीच दरी दिसते. म्हणून डब्ल्यूआर-९० वेव्हगाइडमध्ये (मायक्रोवेव्ह लहरी वाहून नेणाऱ्या आयताकृती धातूच्या नळीत) पट्टी मधोमध, अरुंद भिंतींना समांतर उभी करा आणि रिंगांच्या खाच असलेल्या बाजू लहर जाते त्या दिशेला समांतर ठेवा. मग त्याच मापाच्या, पण खाचा बुजवलेल्या रिंगांची दुसरी पट्टी मोजा. चुंबकीय दरी तिच्यात नाहीशी व्हायलाच हवी. ही तपासणी कृपया टाळू नका.

दरी उथळ येत असेल तर आधी बोर्ड पाहा. नेहमीच्या एफआर-४ बोर्डाचा लॉस टँजंट (बोर्डात ऊर्जा किती वाया जाते त्याचं माप) ०.०२ च्या आसपास, तर मायक्रोवेव्हसाठीच्या आरओ४००३सी बोर्डाचा १० गिगाहर्ट्झला ०.००२७. दरी सरकली असेल तर एचिंग (तांबं रसायनाने कोरणं) तपासा: खाचेचं माप बदललं की कपॅसिटन्स बदलतो, आणि तो १० टक्के वाढला की वारंवारता साधारण ५ टक्के उतरते. सोल्डर मास्कही (बोर्डावरचा संरक्षक थर) नको, त्यानेही वारंवारता खाली येते.