प्लगिन अपडेट करूनही साइट दुसरीकडेच जाते

मांद्रे_होमस्टे:
गोव्यात मांद्र्यातल्या एका होमस्टेची वर्डप्रेस (साइट चालवणारी प्रणाली) साइट. मोबाइलवर गूगलमधून उघडली की जुगाराच्या पानावर जाते, पत्ता थेट टाकला तर व्यवस्थित. २२ प्लगिन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम), त्यातले ९ डिॲक्टिव्हेट केलेले. सगळे अपडेट केले, फरक नाही. ऑक्टोबरात सीझन सुरू होईल, आधीची बुकिंगं मात्र जाता कामा नयेत.

अंत्रुजकर:
अपडेटने फट बुजते, आधी आत आलेली फाइल तिथेच राहते. पाहुणा मोबाइलवर आहे का आणि गूगलवरून आला का, हे बघूनच त्या फाइलमधला कोड चालतो. म्हणून मालकाला काही दिसत नाही.

आधी फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची आहे तशी प्रत काढून ठेवा. मग डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे वर्डप्रेसचे मूळ फोल्डर उडवून त्याच आवृत्तीचे कोरे टाका. प्लगिनांचंही तेच, पण डॅशबोर्डातलं ‘डिलीट’ दाबू नका. काही प्लगिन त्या बटणासरशी डेटाबेसमधले आपले तक्ते पुसतात, म्हणजे बुकिंगं गेली. फोल्डर एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली थेट हाताळून, बदला.

म्यू-प्लगिन्स फोल्डर उघडून बघाच. तिथली फाइल आपोआप चालते, नेहमीच्या यादीत येत नाही. अपलोड्समध्ये (फोटो वगैरेंचा फोल्डर) पीएचपी म्हणजे कोडच्या फाइली, एचटीॲक्सेस ही सर्व्हरच्या नियमांची फाइल, थीमची फंक्शन्स फाइल, अनोळखी ॲडमिन, होस्टिंगचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हेही तपासा. शेवटी सगळे पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट की (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) बदला; चोरलेली लॉगिनं त्याने बाद होतात.

मांद्रे_होमस्टे:
ते बंद ९ राहू दिले तर?

लाल_माती:
काढाच. डिॲक्टिव्हेट म्हणजे वर्डप्रेस ते लोड करत नाही एवढंच, फाइल सर्व्हरवर असते. २०२० मध्ये फाइल मॅनेजर प्लगिनच्या ६.० ते ६.८ आवृत्त्यांत एक फाइल थेट पत्त्याने उघडत होती, आणि लॉगिन न करता कुणीही हवं ते अपलोड करू शकत होता. ६.९ मध्ये ती काढली.

लॉगिनचा पत्ता लपवणारे प्लगिन इथे कामाचे नाहीत, कारण अशा हल्ल्याला लॉगिन लागतच नाही. त्यापेक्षा अपलोड्समध्ये पीएचपी चालणं बंद करा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाची असेल तर एचटीॲक्सेसमधून जमतं. एन्जिनेक्स हे दुसरं सॉफ्टवेअर ती फाइल वाचतच नाही, तिथे होस्टिंगवाल्याला सांगावं लागेल.

अंत्रुजकर:
आणखी एक. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस कमांडने चालवायचं साधन) असेल तर व्हेरिफाय-चेकसम्स चालवा, फाइली मूळ नोंदीशी ताडून बदललेल्या कळतात. विकतच्या प्लगिनांची मूळ नोंद वर्डप्रेसच्या भांडारात (प्लगिनांच्या अधिकृत संग्रहात) नसते, ते हातानेच बदला. फुकटात मिळालेला ‘नल्ड’, म्हणजे विकतच्याची कुलूप तोडलेली प्रत असा प्लगिन असेल तर बाकीची मेहनत पाण्यात.

ऑटो-अपडेट चालू ठेवा, वर्डप्रेस ५.५ पासून प्रत्येक प्लगिनपुढे ती सोय आहे. मात्र भांडारातून काढून टाकलेल्या प्लगिनला अपडेट येतच नाही आणि डॅशबोर्डही गप्प बसतो. अधूनमधून प्रत्येकाचं पान उघडून तो तिथे आहे ना, एवढं बघत जा.

लाल_माती:
त्याच होस्टिंग खात्यात दुसरी जुनी साइट पडून आहे का? असेल तर तीही साफ करा, नाहीतर तिथूनच पुन्हा लागण होईल.